चित्रकथीचें सुटें पान कसें वाचावें ?

कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें जतन केलेल्या चित्रकथींच्या पोथ्या जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस अपरिचित नाहींत. सावंतवाडीकर भोसल्यांच्या आश्रयानें ही कला या प्रांतांत वाढली. याच जातीचीं जीं चित्रें पैठणकडून संग्राहकांच्या हातीं आलीं, त्यांस 'पैठणचीं चित्रें' असें नांव पडलें. तथापि या चित्रांचा अर्थ लावण्याची रूढ पद्धत आम्हांस सदोष वाटते. एखादें सुटें पान घ्यावयाचें, त्यांतील पात्रें ओळखावयाचीं व खालीं 'युद्धप्रसंग' असें लिहून मोकळें व्हावयाचें, यास अर्थनिर्णय म्हणतां येत नाहीं.

चित्रकथी हें भिंतीवर टांगण्याचें चित्र नसून प्रयोगाचें अंग आहे. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त येतो. पिंगुळीस कथेकरी पान प्रेक्षकांसमोर उभें धरतो, वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीनें प्रसंग गातो, पात्रांचीं भाषणें स्वतःच बोलतो, आणि मग पुढील पान लावतो. म्हणजे प्रत्येक पान हा नाटकांतील एक प्रवेश होय.

पात्रांच्या मांडणीवरूनही हेंच दिसतें. ठसठशीत बाह्यरेषा, एका अंगानें दाखविलेले चेहरे, मोठे वाटोळे डोळे, समोरासमोर ठाकलेलीं दोन पात्रें, आणि मागें बहुधा रिकामी जागा. ही मांडणी चामड्याच्या बाहुल्यांच्या पडद्याशीं जुळते. आणि तो खेळही पिंगुळीचे ठाकरच करीत आले आहेत. देखावा नाहीं म्हणून चित्रकारास अडाणी ठरविणाऱ्यांनीं याच मुलखांतील दशावतार पाहावा. तेथें एका साध्या बांकावर राजसभाही भरते आणि अरण्यही उभें राहतें. स्थळ सांगतें तें पात्राचें भाषण. चित्रकथींत हें काम कथेकऱ्याच्या वाणीकडे आहे. दशावतारावरून चित्रें काढलीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दोहोंची रीत एक आहे, इतकेंच.

उदाहरणार्थ, वाली-सुग्रीवांच्या द्वंद्वाचें पान समोर आलें असें समजूं. रामायणांत हें द्वंद्व दोनदां होतें. पहिल्या खेपेस दोघे भाऊ इतके सारखे दिसतात कीं रामास बाण सोडतां येत नाहीं, व सुग्रीव मार खाऊन पळतो. दुसऱ्या खेपेस त्याच्या गळ्यांत गजपुष्पीची वेल असते आणि वाली पडतो. तेव्हां पानावर माळ आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. माळ नसल्यास तो प्रसंग वालिवधाचा नसून सुग्रीवाच्या पराभवाचा असूं शकेल. पण कथेकऱ्याची कथा वाल्मीकीशीं पानोपान जुळेलच असें नाहीं, म्हणून निव्वळ माळेवर निकाल देणेंही धोक्याचें. मागील पानांत तारा पतीस अडवीत असेल, तर पुढील द्वंद्व दुसरें, हें ठरतें. खरा पुरावा शेजारच्या पानांत असतो.

आणि नेमका हाच पुरावा आज नष्ट होत आहे. एका पोथींत साधारणतः ३० ते ५० चित्रें असतात, व दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. पान चौकटींत बसविलें कीं पाठचा प्रवेश झांकला गेला. पाठी सोडवून दोन चित्रें दोघांस विकलीं कीं क्रमच तुटला. हस्तलिखिताची पृष्ठें अशीं वाटून घेण्यास जो संग्राहक धजणार नाहीं, तोच चित्रकथीच्या बाबतींत हें निःशंकपणें करतो, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

यास्तव आमची सूचना अशी : पोथी अखंड ठेवावी, तें न साधल्यास पानाची पुढील व पाठील दोन्ही चित्रें, त्यांचा क्रम व तें कोणाकडून आलें, हें सर्व टिपून ठेवावें, आणि अर्थ ठरविण्यापूर्वीं तें पान प्रयोग करणाऱ्या कथेकऱ्यास दाखवावें. श्री. परशुराम गंगावणे यांनीं पिंगुळीस या कलांचें संग्रहालय उभारलें असून २०२१ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. कथा जाणणारीं माणसें हयात आहेत, तोंवर तरी तर्कावर विसंबण्याचें कारण नाहीं.