नावाचा शोध : वाद्यसंगीताच्या जुन्या तबकड्या आणि मुंबईचे वादक

प्रस्तावना

मराठीत संगीतविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. ख्यालगायकी, नाट्यसंगीत आणि भावगीत यांची साक्षेपी चर्चा आपल्याकडे होत आली आहे. गेल्या काही दशकांत चित्रपटगीतांकडेही अभ्यासकांचे लक्ष वळले. तथापि, गाजलेल्या गीतांच्या चाली केवळ वाद्यांवर वाजवून काढलेल्या तबकड्या, म्हणजे ज्यांना रूढ भाषेत 'धून' म्हटले जाते त्या, समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आल्या. शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकाला त्यांत राग नाही म्हणून त्या उथळ वाटल्या, तर गीतांच्या रसिकाला शब्द नाहीत म्हणून अपुऱ्या वाटल्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांमधील मोकळी जागा भरणारे, उपाहारगृहात संभाषणामागे मंद वाजणारे संगीत, एवढीच त्यांची ओळख उरली.

प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायात जे शेकडो वादक अनामिक राहिले, त्यांचे नाव आणि त्यांचा नाद एकत्र आढळण्याचे एक दुर्मीळ ठिकाण म्हणजे या तबकड्या होत. त्यामुळे त्यांचा आस्वाद आणि त्यांचा शोध या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. काय ऐकायचे हे कळल्याशिवाय काय शोधायचे हे कळत नाही, आणि कोण वाजवतो हे शोधल्याशिवाय ऐकणेही पूर्ण होत नाही.

अनामिकतेची पार्श्वभूमी

तबकडीवरील नाव ही आपल्याकडे सहजासहजी मिळालेली गोष्ट नव्हे. 'महल' (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले होते. गायक-गायिकांना पुढे त्यांचे नाव मिळाले. वादकांना मात्र चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर ते सहसा मिळाले नाही. ताडदेवचे फेमस आणि फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याचे, पारशी समाजातील, बंगालचे, उत्तरेचे आणि महाराष्ट्राचे वादक एकत्र बसत. संगीतकाराची चाल घेऊन तिच्याभोवती व्हायोलिनांचे थर, प्रतिस्वर आणि मधल्या संगीताचे तुकडे रचण्याचे काम संयोजक, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत 'अरेंजर', करीत असे. फाळणीपूर्वी लाहोरात हॉटेलातील वाद्यवृंद चालवणारे आणि पुढे शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गीतांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे या वर्गातील अग्रगण्य नाव. ते श्रोत्यांच्या कानांवर रोज पडत होते, परंतु ठाऊक किती जणांना होते?

गोव्यातील माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यरचना यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाची आठवण फार थोड्यांना आहे. त्यांचे नाव मात्र 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका विनोदी गीतामुळे देशभर पोहोचले. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, पण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तसे नाव धारण करणारी खरी व्यक्ती आहे याची कल्पनाही नव्हती. नाव आणि काम यांची अशी फारकत झाली की समीक्षेला आधारच उरत नाही.

धून ऐकण्याचे निकष

धुनेचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न असा की, शब्द गेल्यावर चालीत काय उरते आणि जे गेले त्याची भरपाई वादक कशी करतो. गायनात व्यंजनांचा आघात असतो, श्वासाचा विराम असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड असते. प्रत्येक वाद्य यांपैकी काही राखते आणि काही गमावते.

या दृष्टीने प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचे वादन अभ्यासनीय आहे. 'गीतरामायणा'च्या कार्यक्रमांत सुधीर फडके यांना साथ करणारे आणि हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून दीर्घकाळ वावरलेले जोग 'गाणारे व्हायोलिन' या नावाने महाराष्ट्राला परिचित झाले. हे विशेषण कौतुकाचे आहे, परंतु त्यात तांत्रिक अर्थही दडलेला आहे. त्यांचा गज शब्दाच्या तुटण्याप्रमाणे तुटतो. जोडाक्षराच्या जागी तो किंचित दाबला जातो, ओळ संपली की गायकाने श्वास घ्यावा तेवढीच उसंत घेतो. मूळ गीत ज्याला पाठ आहे त्याला शब्द ऐकू आल्याचा भास होतो तो यामुळे. मात्र येथेच या शैलीची मर्यादाही आहे. जेथे व्हायोलिन केवळ गळ्याची प्रतिकृती होते, तेथे मूळ गीत न ऐकलेल्या श्रोत्यासाठी त्यात फारसे काही उरत नाही.

एनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनपुढचा प्रश्न नेमका उलट आहे. पट्टीच्या वाद्यावर स्वर ठरलेले. दोन स्वरांमधून घसरत जाण्याची सोयच नाही. म्हणून मींडेचे काम त्यांना भात्याच्या कमी-अधिक दाबाने आणि मुख्य स्वराला लगटून येणाऱ्या कणस्वरांनी करावे लागते. गाण्याचा आभास कमी होतो, पण चालीची बांधणी अधिक स्पष्ट होते. एखाद्या ओळीची वळणे कोठे आहेत, सम कशी गाठली आहे, हे येथे रेखाचित्रासारखे दिसते. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ली (१९२७–२००८) यांनी इलेक्ट्रिक गिटारवर तिसरी वाट धरली. त्यांच्या वादनात घसरणारा स्वर आहे, पण त्याचा बाज गळ्याचा नाही. त्याला तारेचा आणि विजेचा स्वतःचा पोत आहे. मूळ गीताची आठवण आणि नव्या वाद्याचे नवल ही दोन्ही सुखे त्यात एकाच वेळी मिळतात. उत्तम धून तीच, जी गीताशी इमान राखूनही वाद्याला त्याच्या भाषेत बोलू देते, असे या तुलनेवरून म्हणता येईल.

दुसरा निकष साथीचा. बाहेरच्या जगात याच काळात वाद्यवृंदाच्या लोकप्रिय तबकड्यांचे युग होते. मॅन्टोव्हानी यांच्या 'शार्मेन' (१९५१) या तबकडीतील धबधब्यासारखा कोसळणारा व्हायोलिनांचा नाद जगभर गाजला. तो परिणाम रचणारे संयोजक रॉनल्ड बिंज मात्र वेष्टनावरच्या मोठ्या नावामागे राहिले. आपल्याकडील धुनांतही मुख्य वादकाचे नाव ठळक असते, परंतु मधले संगीत कोणी बसवले, बासरी कोणाची, तालवाद्ये कोणाची हे बहुधा लिहिलेले नसते. म्हणजे तबकडीने अनामिकता संपवली नाही, ती एक पायरी मागे ढकलली.

अर्थात या निकषांवर पुष्कळशा धुना उतरणार नाहीत हेही मान्य केले पाहिजे. मूळ गीताचे मधले संगीत जसेच्या तसे उतरवणे, प्रत्येक चालीला एकच ठेका लावणे आणि प्रतिध्वनीच्या यंत्राने गोडवा वाढवणे, हे दोष या प्रकारात सर्रास आढळतात. जुने म्हणून सोने, ही भूमिका समीक्षेला परवडणारी नाही.

'रागा-जॅझ स्टाईल' : एक अपवाद

१९६८ साली एच.एम.व्ही.ने प्रसिद्ध केलेली शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाईल' ही तबकडी या संदर्भात वेगळी ठरते. ती कोणत्याही चित्रपटाची नव्हती. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग तीत आहेत. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो असा तिचा वाद्यमेळ, आणि संयोजन सेबॅस्टियन यांचे. एरवी पडद्याआड असणारी ही मंडळी येथे नावानिशी पुढे येतात. पुरुषांच्या या मेळाव्यात पियानोवर एका स्त्रीचे नाव आहे, ही नोंदही अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

संगीत म्हणून पाहता ही तबकडी निर्दोष नाही. एका एल.पी.वर अकरा राग म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे. एवढ्यात रागविस्तार शक्य नाही आणि जॅझमधील मुक्त उत्स्फूर्त वादनालाही अवकाश नाही. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या लंडनमधील 'इंडो-जॅझ स्वीट' (१९६६) शी तुलना केल्यास ही अडचण ठळक होते. परंतु चित्रपटगीताच्या तीन-साडेतीन मिनिटांत अनेक वर्षे काम केलेल्या वादकांचे कौशल्य याच संक्षेपात आहे. सतारीचा तुकडा संपताच पितळी वाद्यांनी तोच स्वरसमूह उचलणे, तालाची बैठक न मोडता मांडणी बदलणे, हा नेमकेपणा ध्वनिमुद्रणगृहातील शिस्तीतून आलेला आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटींमध्ये 'संगम-संगीत' अशी एक कोटी मानली होती. ही तबकडी त्या कोटीच्या चर्चेसाठी उत्तम उदाहरण ठरेल.

शोधाची पद्धत

अशा तबकड्यांचा शोध हा छंद असला तरी त्याला पद्धत आहे. जुन्या तबकड्यांवर प्रकाशनवर्ष पुष्कळदा छापलेले नसते. अशा वेळी सूचिक्रमांक आणि ध्वनिखाचा संपतात तेथे कोरलेला साचाक्रमांक यांवरून काळ ठरवावा लागतो. एच.एम.व्ही.च्या एल.पी.वर 'ईसीएलपी' ही अक्षरे एकमार्गी आणि 'ईसीएसडी' ही स्टिरिओ मुद्रण दर्शवतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीला एल.पी.ची बारीक सुई चालत नाही. तिला सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. ती स्वच्छ करताना मद्यार्क वापरल्यास लाख विरघळते. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांच्या अज्ञानामुळे तबकड्यांची कायमची हानी होते.

शोधाची ठिकाणेही बदलली आहेत. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्या मिळतात, पण तेथे भाव चित्रपटाच्या आणि गायकाच्या नावावर ठरतो. वाद्यसंगीताच्या तबकड्या ढिगाच्या तळाशी राहतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने संग्राहकांच्या विखुरलेल्या माहितीला अभ्यासाचे रूप दिले. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ मधील ग्रंथाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखतींद्वारे ध्वनिमुद्रणगृहांचा इतिहास मांडला. या दोन प्रयत्नांना जोडणारा दुवा म्हणजे तबकडी; मुलाखतीतील आठवण खरी की कसे, हे तपासण्याचे साधन तीच आहे.

हा शोध तातडीचा का आहे? केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये गेले, प्रभाकर जोग २०२१ मध्ये. एखादा स्वर ऐकून 'हा अमुक' असे सांगू शकणारे कान कमी होत चालले आहेत. दुसरीकडे दादर, माटुंगा, शीव या भागांतील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होताना घरातील रेडिओग्राम आणि त्याखालच्या कप्प्यातील तबकड्या भंगारात जातात. संयोजकांनी लिहिलेले स्वरलेखनाचे कागद बहुतांशी जपले गेलेले नाहीत. शीव येथील षण्मुखानंद सभागृहासारख्या मंचांवर जुन्या गीतांचे मोठ्या वाद्यमेळासह कार्यक्रम होतात, तेव्हा आजच्या वादकांना मधले संगीत तबकडी ऐकूनच पुन्हा लिहावे लागते. तबकडी गेली की हा शेवटचा पुरावाही जाईल.

महाविद्यालयांची भूमिका

हे काम केवळ संगीत विभागाचे नाही. प्राध्यापकांनी मनावर घेतल्यास इतिहासाचे विद्यार्थी वादकांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती नोंदवू शकतील, ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी सूची करू शकतील, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी ध्वनीच्या अंकीय रूपांतराचे प्रयोग करू शकतील. सूचीत गीत, चित्रपट आणि संगीतकार यांबरोबर वाद्य, वादक, संयोजक आणि साचाक्रमांक यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत, हा मुद्दा आग्रहाने मांडावासा वाटतो. रकाना रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना हा प्रश्न असतो, आणि रकानाच नसेल तर प्रश्नही पडत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली प्रकाशित तबकडीवरील हक्क २०२० अखेर संपला. 'रागा-जॅझ स्टाईल'बाबत तो २०२८ अखेर संपेल. परंतु मूळ स्वररचनेवरील हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. संग्रह करताना हा भेद स्पष्ट ठेवला पाहिजे.

समारोप

वाद्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचे महत्त्व केवळ स्मरणरंजनात नाही. गीताचे शब्द आणि गायकाचा आवाज बाजूला झाल्यावर मुंबईच्या वादकांनी घडवलेला नाद त्यांत उघडा पडतो आणि त्याचे गुणदोष पारखता येतात. त्यांतील सर्व काही श्रेष्ठ नाही. पण श्रेष्ठ काय हे ठरवण्यासाठी आधी ते ऐकले पाहिजे, आणि ऐकण्यासाठी ते जपले पाहिजे. ज्या कलावंताचे नाव आपल्याला ठाऊक नाही त्याच्या कलेविषयी आपण फार तर आवड व्यक्त करू शकतो. समीक्षेला मात्र नावापासून सुरुवात करावी लागते.