रहस्य कुणासाठी?
(‘आर्टिकल 15’च्या निमित्ताने)

अनुभव सिन्हा यांचा ‘आर्टिकल 15’ हा हिंदी चित्रपट 28 जून 2019 रोजी प्रदर्शित झाला. तो जळगावात लागला तेव्हा आठ-दहा विद्यार्थ्यांबरोबर मी तो पाहिला. चित्रपट सुटल्यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद झाला. त्या वादाविषयी मला लिहायचे आहे. चित्रपटाची परीक्षणे तेव्हा पुष्कळ आली. पण त्या टपरीवर जे बोलले गेले ते मला त्यांत कुठे भेटले नाही. शिवाय त्या वादात मी चुकलो होतो, हेही कुठेतरी सांगितले पाहिजे.

त्या दिवसांतले जळगाव आठवावे. 22 मे 2019 रोजी डॉ. पायल तडवी या जळगावच्या मुलीने मुंबईत आत्महत्या केली होती. तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर ठेवला गेला. छळाची तक्रार आम्ही आधीच केली होती, असे कुटुंबीय सांगत होते. म्हणजे जे घडत होते ते माहीत होते, बोलले गेले होते, फक्त कुणी मनावर घेतले नव्हते. हे सारे डोक्यात ठेवून आमची पोरे चित्रपटगृहात बसली होती.

कथा थोडक्यात अशी. उत्तर प्रदेशातल्या लालगाव नावाच्या ठिकाणी अयान रंजन हा तरुण आयपीएस अधिकारी बदलून येतो. दोन दलित मुली झाडाला लटकलेल्या सापडतात, तिसरी बेपत्ता आहे. मजुरीत तीन रुपये वाढ मागितली, एवढाच त्यांचा अपराध. ठाण्यातले लोक मुलींच्या बापांनाच गोवून प्रकरण मिटवू पाहतात. अयान खोलात शिरतो, आणि बलात्कार करणाऱ्यांत ठेकेदाराबरोबर त्याच्याच हाताखालचे दोन पोलीस निघतात.

टपरीवर पहिल्यांदा निघाले ते कच्चे दुवे. तिसरी मुलगी इतके दिवस दलदलीपलीकडे जिवंत कशी राहिली? निलंबित झालेला, तपास हातून काढून घेतलेला अधिकारी तपास चालूच कसा ठेवतो? मुख्य संशयिताला ब्रह्मदत्त गोळी घालतो, तरी त्याच्यावर संशय यायला इतका वेळ का लागतो? कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आणखी एक मुद्दा काढला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या 1995 च्या नियमांप्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या माणसाकडे देता येत नाही. ब्रह्मदत्त सर्कल ऑफिसर आहे, म्हणजे दर्जाने उपअधीक्षकच. नियम तंतोतंत पाळला गेला आणि तपास गुन्हेगाराच्याच हाती गेला! हा कच्चा दुवा पटकथेचा की नियमाचा, यावर दहा मिनिटे गेली. मला वाटते, पटकथाकारांनी इथे नकळत का होईना, खरे लिहिले आहे. वरचा दर्जा म्हणजे निःपक्षपात, असे मानणारा कायदा पुस्तकात बरा दिसतो.

मग एक मुलगी अहिराणीत म्हणाली, “सर, त्या साहेबले जात काय र्‍हास ते ठाऊकच नही व्हतं का?” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देणाऱ्याला घटनेतली समतेची कलमे पाठ करावीच लागतात. अयान ती परीक्षा पास झालेला आहे, आणि तरी हाताखालच्या माणसांना एकेक करून जात विचारतो, जणू परक्या देशातून आला आहे. पुढे तो कलम 15 छापून सूचनाफलकावर लावतो. हे अज्ञान पटण्याजोगे नाही, पण चित्रपटाला ते हवे आहे. ज्या प्रेक्षकाला जात माहीत नसल्याचे सोंग करता येते, त्याच्या सोयीसाठी हा नायक घडवला आहे. त्याच्या हाताला धरून तो प्रेक्षक गावकुसाबाहेर येतो, हळहळतो आणि नायकाबरोबर परत जातो. नायक ब्राह्मण आहे याची तक्रार आमच्याकडच्या पुष्कळांनी केली. माझी तक्रार त्याच्या जातीपेक्षा त्याच्या अजाणतेपणाशी आहे.

तोच जात विचारण्याचा प्रसंग मात्र दुसऱ्या अंगाने खरा उतरला आहे. त्यात जाटव नावाचा पोलीस, आपण चांभार असून पासी आपल्याहून खालचे, त्यांच्या हातचे आपण खात नाही, असे सरळ सांगतो. चित्रपटगृहात इथे हशा झाला. आमच्या रांगेतल्या दोघांनी माना खाली घातल्या. बाबासाहेब ज्याला चढती भाजणी म्हणत, तिच्या पायऱ्या आपल्या वस्तीतही आहेत. हे पडद्यावर आल्याबद्दल मी दिग्दर्शकाला गुण देतो.

माझी चूक याच्या पुढची. साक्रीकडचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मला कंटाळा आला. यात रहस्य कसले?” मी त्याला दटावले. आपला विषय मोठ्या पडद्यावर आला हेच पुष्कळ, असे काहीतरी म्हणालो. तो म्हणाला, “राईनपाड्यात काय रहस्य होते?”

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा. 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले पाच जण मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले गेले. मारहाणीचे चित्रीकरण लोकांनीच मोबाईलवर केले. 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पण कुणी मारले हा प्रश्न त्या दिवशीही कुणाला पडला नव्हता. सगळ्यांनी पाहिले होते.

गुन्हेगारी कथेचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा असतो: सत्य दडलेले आहे आणि हुशार माणूस ते शोधून काढतो. आपल्या गावगाड्यात सत्य दडलेले नसते. ते पारावर माहीत असते, चावडीत माहीत असते, पोलीस पाटलाला माहीत असते. अडते ते फिर्याद लिहून घेण्यापाशी, पंचनाम्याच्या सहीपाशी, साक्षीदार फुटण्यापाशी. 1989 च्या कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा सांगणारे कलम 4 घालावे लागले, ते याच अनुभवामुळे. ‘आर्टिकल 15’ जात दाखवतो, पण साचा रहस्यपटाचाच ठेवतो. म्हणून त्याला रहस्य तयार करावे लागते, आणि विद्यार्थ्यांनी मोजलेल्या बहुतेक फटी तिथेच पडल्या आहेत.

इथे मला गोविंद निहलानींचा 1980 चा ‘आक्रोश’ आठवतो. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू तोंडच उघडत नाही. खून कुणी केला हे गावातल्या बड्यांना ठाऊक आहे. वकील भास्कर कुळकर्णी धडपडतो, पण त्याच्या हाती फारसे लागत नाही. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे आणि आतून भ्यालेला आहे. शेवटी बापाच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाडीने बहिणीला मारतो, कारण तिच्या वाट्याला काय येणार हे त्याला दिसते. हा शेवट मला अजूनही पुरता मान्य नाही. बाईच्या अब्रूचा निकाल बाईच्या जिवावर लावण्याची रीत त्यात आहेच. तरी लहान्याचे मौन हे कोडे नव्हे, हे त्या चित्रपटाने ओळखले. 1971 साली पाटीलवाडीला भिल्लांवर झालेला हल्ला जुन्या धुळे जिल्ह्याने, आताच्या नंदुरबारने, पाहिलेला आहे. त्या भागातल्या माणसाला ते मौन समजावून सांगावे लागत नाही.

आणि निषाद? ‘आर्टिकल 15’मधला हा तरुण कार्यकर्ता भूमिगत राहून संप चालवतो, आपल्या शब्दांत बोलतो. चित्रपटात आपला म्हणावा असा विचार करणारा माणूस तोच. त्याला बनावट चकमकीत मारले जाते. मुलींच्या खुनाची उकल होते. निषादच्या खुनाचा तपास चित्रपट हातीच घेत नाही. टपरीवर कुणीही हा कच्चा दुवा म्हणून मोजला नाही. मीही नाही. आपल्या पोराने मरावे आणि कथा पुढे जावी, याची आपल्यालाही इतकी सवय झाली आहे काय?

ज्या प्रकरणावरून चित्रपट सुचला ते बदायूँचे, मे 2014 चे. त्या दोन मुली दलित नव्हत्या, मागासवर्गीय शाक्य समाजातल्या होत्या. सीबीआयने ती आत्महत्या ठरवली. विशेष न्यायालयाने तो अहवाल नाकारला. तिथे कुठलाही अयान आला नाही. चित्रपटाने जात बदलली आणि शेवटही बदलला. जात बदलण्याचा हक्क मी त्यांना देतो. शेवटाबद्दल मात्र माझे भांडण आहे.

अलीकडे धुळ्यात विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत मी दोन्ही चित्रपटांवर बोललो. साक्रीचा तो विद्यार्थी आता वकिली करतो; तोही आला होता. चर्चेला सुरुवात त्यानेच करावी, असे मी सांगितले. तो उठला आणि फळ्यावर फक्त फिर्यादीचे रकाने लिहिले: तारीख, वेळ, ठिकाण, फिर्यादीचे नाव, फिर्याद नोंदवण्यास उशीर झाल्यास त्याचे कारण. शेवटच्या रकान्यापाशी मुले थांबली, आणि बैठक संपेपर्यंत त्याच एका ओळीवर बोलत राहिली.