सन्माननीयांचे विवेकपरीक्षण

विल्यम कोल्बी यांचे 'ऑनरेबल मेन' हे आत्मचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. पीटर फोरबाथ यांच्या साहाय्याने लिहिलेला हा इंग्रजी ग्रंथ आम्ही अलीकडे पुन्हा वाचला. लेखक १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे संचालक होते. शिवाय ते श्रद्धावंत कॅथलिक होते. धर्मगुरूला असा ग्रंथ वाचताना पापनिवेदन ऐकायला बसल्यासारखे वाटते, आणि तो अनुभव नेहमीच सुखाचा असतो असे नाही.

ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग महायुद्धाचा. १९४४ च्या ऑगस्टमध्ये कोल्बी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये हवाई छत्रीने उतरले, तेही नेमके चुकीच्या जागी, जर्मन सैनिकांनी भरलेल्या मोंतार्जी गावात. पुढल्या वर्षी नॉर्वेच्या बर्फात त्यांच्या तुकडीने रेल्वेचा पूल उडविला. येथे अंगावर गणवेश आहे, शत्रू समोर आहे आणि लेखणीला संकोच नाही. युद्धानंतर ते वकील झाले, व १९५० साली सीआयएत दाखल झाले. गणवेश उतरला; युद्ध मात्र संपले नाही.

सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले, की कृत्याची नैतिकता तीन गोष्टींवरून ठरते: प्रत्यक्ष कृती, तिच्यामागील हेतू आणि भोवतालची परिस्थिती. कोल्बी हेतूविषयी भरभरून बोलतात, परिस्थितीविषयी त्याहून अधिक. कृतीपाशी येताच त्यांची भाषा कार्यालयीन होते.

रोममधील त्यांची १९५३ ते १९५८ ही वर्षे पाहा. साम्यवाद्यांना रोखण्यासाठी ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडे व इतर मित्रपक्षांकडे गुप्तपणे पैसा पोहोचविणे हे त्यांचे काम. ते याचे उघड समर्थन करतात, आणि आमचा कॅथलिक वाचक येथे त्यांना सहज क्षमा करील. कम्युनिस्टांच्या पराभवासाठी प्रार्थना करणारी पिढी आम्हीही पाहिली आहे. परंतु लेखक आपल्या बाजूचा आहे म्हणून तराजू हलका धरावा काय? परक्याच्या पैशाने मतपेटी भरण्याचा प्रयत्न उलट दिशेने झाला असता, तर आम्ही त्याला काय म्हटले असते?

व्हिएतनामविषयीचा भाग अधिक अवघड. राष्ट्राध्यक्ष दिएम कॅथलिक. १९६३ च्या बंडात त्यांनी भावासह चोलोन येथील चर्चमध्ये आश्रय घेतला. तेथून पकडून दोघांना ठार करण्यात आले. दिएम यांना दूर सारणे ही अमेरिकेची घोडचूक होती, हे कोल्बींचे ठाम मत, आणि त्यामागील दुःख खरे आहे. मात्र १९६८ पासून ज्या शांतता-कार्यक्रमाची धुरा त्यांनी वाहिली, त्यातील 'फिनिक्स' या मोहिमेत २०,५८७ माणसे मारली गेली. आकडा त्यांचाच, १९७१ साली अमेरिकन काँग्रेससमोर दिलेला. बहुतेक मृत्यू चकमकींत झाले, ही खून करणारी मोहीम नव्हती, हे त्यांचे स्पष्टीकरण. ते संपूर्ण मान्य केले तरी एक गोष्ट उरते: त्या एका मृत्यूला चेहरा आहे, या हजारोंना केवळ वर्गवारी.

ग्रंथाचे नाव वाचून इंग्रजी वाचकाला शेक्सपिअरचा अँटनी आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या तोंडी हेच शब्द उपरोधाचे आहेत! लेखकाला तो उपरोध अभिप्रेत नसावा.

तरीही या माणसाला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ साली संस्थेची जुनी गैरकृत्ये काँग्रेसच्या समित्यांपुढे ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. सहकाऱ्यांचा रोष ओढवला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना पदावरून दूर केले. ती पाने संयमाने लिहिली आहेत. आम्हांला ती ग्रंथातील सर्वोत्तम वाटतात. पण कायद्यापुढे दिलेली साक्ष वेगळी आणि विवेकपरीक्षण वेगळे. पहिलीत काय घडले ते सांगावे लागते. दुसऱ्यात 'मी' म्हणावे लागते.

१९६९ साली कोल्बींनी एक लेखी आदेश काढला होता. हत्या करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि फिनिक्सचे काम ज्याच्या मनाला पटत नसेल त्याला, त्याच्या सेवेला बाध न येता, अन्यत्र बदली मागता येईल. दुसऱ्याच्या विवेकाचा इतका मान राखणाऱ्या या गृहस्थांना स्वतःसाठी अशी बदली मागावीशी कधी वाटली होती काय, हे आम्ही त्यांच्या पानांत पुन्हा पुन्हा शोधले.