पंक्तिभेद आणि प्रीती : करिंथच्या मंडळीस लिहिलेले पत्र

पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय हा ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत परिचित भागांपैकी एक होय. विवाहप्रसंगी तो वाचला जातो आणि प्रीतीचे स्तोत्र म्हणून पत्रापासून वेगळा काढून त्याचा गौरव केला जातो. या लोकप्रियतेमुळे त्याच्या अर्थाची हानीही झाली आहे. मूळ पत्रात हा अध्याय दोन वादग्रस्त प्रकरणांच्या मध्ये येतो. बारावा अध्याय कृपादानांवरून माजलेल्या अहंकाराविषयी आहे, तर चौदावा उपासनेतील गोंधळाविषयी. मधला अध्याय या दोहोंपासून तोडला म्हणजे तो एक सुंदर सुभाषितसंग्रह ठरतो. परंतु तो कोणास उद्देशून लिहिला आणि त्याने कोणाकडे काय मागितले, हे दिसेनासे होते. पत्राच्या संदर्भात वाचल्यास ऐक्याचा भार मंडळीतील समर्थांनी उचलावा, अशी एक निश्चित मागणी त्यात आढळते. या मागणीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियस याने करिंथचा विध्वंस केला. पुढे इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तेथे रोमन वसाहत स्थापिली. नव्या वसाहतकरांत दास्यमुक्त झालेल्या लोकांचा भरणा मोठा होता. संयोगभूमीवर वसलेल्या या शहरास दोन्ही समुद्रांवर बंदरे असल्यामुळे व्यापार वाढला आणि कुलापेक्षा पैशाच्या बळावर प्रतिष्ठा मिळविणारा एक वर्ग निर्माण झाला. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियो या प्रांताधिपतीचा काळ सुमारे इ. स. ५१-५२ असा निश्चित होतो. त्याच सुमारास पौल करिंथात होता. पुढे दोनतीन वर्षांनी इफिसहून त्याने हे पत्र लिहिले.

मंडळीत यहूदी होते तसे ग्रीक होते, दास होते तसे स्वतंत्र होते. ज्ञानी, बलवान आणि कुलीन असे तुमच्यात फारसे कोणी नाहीत, असे पौल पहिल्याच अध्यायात सुचवितो. ‘फारसे नाहीत’ याचा अर्थ काही थोडे होते, असा होतो. आणि या थोड्यांचे वजन त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळच असावे. गेर्ड थाइसेन यांनी १९७० नंतरच्या दशकात हा मुद्दा विस्ताराने मांडला. तेव्हापासून करिंथमधील तंटे केवळ मतभेदांचे नसून सामाजिक विषमतेचेही होते, हे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आहे. पौल, अपुल्लोस, केफा यांच्या नावांनी पडलेले तट हा त्या विषमतेचा एक बाह्य आविष्कार समजावा लागतो.

२

या विषमतेचे सर्वांत स्पष्ट चित्र अकराव्या अध्यायात मिळते. मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमते खरी, परंतु एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याला मद्य चढते, अशी पौलाची तक्रार आहे. मराठी वाचकाला या प्रकारासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. ‘पंक्तिभेद’ हा आपल्याकडील जुना शब्द येथे यथार्थ लागू पडतो. मात्र रोमन पंक्तिभेद जातीवर आधारलेला नसून आश्रयदाता आणि आश्रित यांच्या दर्जावर आधारलेला होता. आपल्यासाठी एक मद्य, कनिष्ठ मित्रांसाठी दुसरे आणि दास्यमुक्तांसाठी तिसरे ठेवणाऱ्या एका यजमानाची धाकट्या प्लिनीने एका पत्रात निंदा केली आहे. यावरून असा भेद रूढ होता हे कळते; त्याचा सुसंस्कृत रोमन मनालाही विषाद वाटू शके, हेही कळते.

मंडळी एखाद्या संपन्न सभासदाच्या घरी जमत असे. रोमन घरातील भोजनगृहात सामान्यतः नऊ माणसांची सोय असे. इतरांना बाहेरच्या चौकात बसावे लागले असेल, असे अनुमान काही संशोधकांनी केले आहे. त्यात दास आणि मजूर कामावरून उशिरा येणार. अशा स्थितीत आधी आलेल्या सुखवस्तूंनी आपापले अन्न संपविणे हे दुष्टपणाचे लक्षण नव्हते. ती त्या समाजाची नित्याची रीत होती. पौलाच्या टीकेचे मर्म येथेच आहे. ज्या वर्तनात रोमन शिष्टाचाराला काही विशेष वावगे दिसले नसते, त्याला तो मंडळीचा अवमान आणि गरिबांना लाजविणे असे संबोधितो. ‘शरीर’ न ओळखता जेवणाऱ्याविषयी तो जो इशारा देतो, त्यातील शरीर म्हणजे केवळ भाकर नसून जमलेली मंडळीही होय, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार करतात. संदर्भाला तोच अधिक जुळतो.

आठव्या अध्यायातील मूर्तीच्या नैवेद्याचा वाद याच जातीचा आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा तिच्यापुढे ठेवलेले मांस खाण्यास हरकत नाही, हे ‘ज्ञानी’ पक्षाचे म्हणणे पौलाला तत्त्वतः मान्य आहे. तरीही दुर्बळाचे मन त्यामुळे दुखावत असेल, तर आपण मांस कधीच खाणार नाही, असे तो सांगतो. ज्याची बाजू बरोबर आहे त्यानेच माघार घ्यावी, अशी ही विलक्षण अपेक्षा आहे.

३

बाराव्या अध्यायातील शरीराचे रूपक पौलाने शोधून काढलेले नाही. इ. स. पू. ४९४ मध्ये रोममधील सामान्य जन रुसून नगराबाहेर गेले असता मेनेनियस अग्रिप्पा याने त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून परत आणले, असे लिव्ही सांगतो. हात, तोंड आणि दात यांनी पोटाविरुद्ध संप केला आणि सर्वच शरीर क्षीण झाले, हे त्या गोष्टीचे सार. गोष्ट चतुर आहे, परंतु तिचा उपदेश खालच्यांसाठी आहे. भारतीय वाचकाला येथे पुरुषसूक्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. ते सृष्ट्युत्पत्तीचे सूक्त असल्यामुळे त्याचा हेतू निराळा आहे. तथापि मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्णांचा जोडलेला संबंध पुढे सामाजिक क्रमाचे समर्थन म्हणून वापरला गेला, हे सर्वश्रुत आहे.

पौल हेच रूपक घेतो आणि त्याची दिशा बदलतो. हाताची गरज नाही असे डोळ्याने म्हणू नये, पायांची गरज नाही असे मस्तकाने म्हणू नये. म्हणजे ताकीद वरच्या अवयवांना मिळते. एवढ्यावरही तो थांबत नाही. जे अवयव दुर्बळ भासतात ते अधिक आवश्यक आहेत, आणि ज्यांना मान कमी त्यांना देवाने अधिक मान देऊन शरीराची जुळणी केली आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. कृपादानांचे वाटप तो जन्मावर नव्हे तर आत्म्याच्या इच्छेवर सोपवितो. अवयवांतील भिन्नता तो पुसत नाही. भिन्नतेतून निर्माण होणारी प्रतिष्ठेची उतरंड मात्र तो उलटी करतो.

४

या पार्श्वभूमीवर तेरावा अध्याय वाचला म्हणजे त्यातील प्रत्येक नकाराला पत्ता सापडतो. प्रीती हेवा करीत नाही, या अर्थाच्या विधानातील ग्रीक शब्दाचे मूळ तिसऱ्या अध्यायात तट पाडणाऱ्यांच्या हेव्यासाठी आलेले आहे. ‘फुगणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद या एका पत्रात सहा वेळा येते. नव्या करारात अन्यत्र ते केवळ कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात एकदा आढळते. करिंथकर फुगले आहेत असे चौथ्या आणि पाचव्या अध्यायांत सांगून, ज्ञानाने माणूस फुगतो असे आठव्यात म्हणून, शेवटी प्रीती तसे करीत नाही असे पौल लिहितो. आपलेच हित न पाहण्याचा उपदेश दहाव्या अध्यायात आधी येऊन गेला आहे. अपकाराची नोंद न ठेवण्याविषयीचे क्रियापद हिशेबाच्या व्यवहारातील आहे. सहाव्या अध्यायात एकमेकांवर फिर्यादी लावणाऱ्या बंधूंची आठवण ते करून देते. सारांश, प्रीतीचे हे वर्णन म्हणजे करिंथकरांचे उलट बाजूने काढलेले चित्र होय. संपूर्ण पत्र हे ऐक्याचा सल्ला देणारे एकसंध भाषण आहे, असे मार्गारेट मिचेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले. तेराव्या अध्यायाच्या शब्दरचनेवरून या मताला चांगलीच पुष्टी मिळते.

भाषेचा आणखी एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ ग्रीकमध्ये प्रीतीचे वर्णन सलग क्रियापदांनी केले आहे. मराठीत त्यांतील पहिल्या दोन क्रियापदांच्या जागी ‘सहनशील’, ‘परोपकारी’ अशी विशेषणे येतात, आणि कृतीचे रूपांतर गुणात होते. उलट ‘फुगणे’ हे मराठी क्रियापद मुळाशी उत्तम जुळते. किंबहुना त्यातील रुसण्याची छटा तट पडलेल्या मंडळीच्या वर्णनात अधिकच शोभते. सद्गुण म्हणजे अंगी बाळगावयाची वस्तू नसून दुसऱ्याशी वागण्याची रीत आहे, हे मूळ रचनेतून सूचित होते. भाषांतरात ही सूचना क्षीण होऊ नये, हे पाहणे अगत्याचे आहे.

५

मात्र पौलाने स्वतःचा नियम सर्वत्र पाळला, असे म्हणता येत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री अशा तीन जोड्या आहेत. करिंथकरांच्या पत्रात तेच सूत्र येते तेव्हा तिसरी जोडी गळालेली आहे. अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात. चौदाव्यात त्यांना मंडळीत गप्प राहण्यास सांगितले आहे. ही वचने काही हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात, आणि ती मागाहून घातली असावीत अशी शंका अनेकांनी घेतली आहे. ती पौलाची असल्यास दुर्बळास अधिक मान देण्याचा त्याचा सिद्धान्त येथे खंडित होतो. दासाने स्वातंत्र्याची संधी घ्यावी की दास्यातच राहावे, याविषयीचे सातव्या अध्यायातील वाक्य दोन्ही अर्थांनी लावता येते. भुकेलेल्याने घरी खाऊन यावे, हा भोजनाच्या तंट्यावरील उपायही तडजोडीचा आहे. त्याने मंडळीतील पंगत एक होते, घरातील विषमता तशीच राहते.

पत्राचा परिणाम टिकाऊ झाला, असेही दिसत नाही. इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीकडून करिंथला क्लेमेंतचे पत्र गेले. वडीलजनांना पदच्युत केल्यावरून तेथे पुन्हा फूट पडली होती. क्लेमेंत करिंथकरांना पौलाचे पत्र हाती घेण्यास सांगतो. शरीराचे रूपक आणि प्रीतीची स्तुतीही त्याच्या पत्रात आहे. बलवानाने दुर्बळाची काळजी घ्यावी, हे तो विसरत नाही. तथापि सैन्यातील शिस्तीचा दाखला देऊन तो शेवटी भर देतो तो आज्ञाधारकपणावर. चाळीस वर्षांत रूपक पुन्हा अग्रिप्पाच्या बाजूला झुकले.

मराठी वाङ्मयात हा प्रश्न स्वयंपाकघराच्या पातळीवर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) आला आहे. धर्मांतरित पतीकडे राहावयास गेल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. जातिभेद टाकला तो स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. करिंथच्या पत्राशी या प्रसंगाचे नाते स्पष्ट आहे. ऐक्याचे वचन उच्चारणे सोपे असते. ते कोणाच्या ताटापाशी आणि कोणाच्या माघारीने सिद्ध होते, हा खरा प्रश्न असतो. तेराव्या अध्यायाचे मोल त्याच्या शब्दसौंदर्याइतकेच या प्रश्नात आहे. म्हणून त्याचे अध्यापन करताना अकरावा आणि बारावा हे अध्याय त्याच्यासोबत वाचले गेले पाहिजेत.