शाब्लीची चव : दगडाची की थंडीची?

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाला, पॅरिसपासून सुमारे १८० किलोमीटरवर, सेरें या छोट्या नदीकाठी शाब्ली हे गाव आहे. इथली पांढरी वाइन शार्दोने या एकाच द्राक्षापासून होते. फिकट हिरवट-पिवळा रंग, हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी, खडूची आठवण देणारी कोरडी चव. या शेवटच्या गुणाला वाइनचे समीक्षक ‘मिनरॅलिटी’ म्हणतात आणि त्याचे श्रेय जमिनीला देऊन मोकळे होतात.

जमीन नवलाची आहे, यात शंका नाही. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीयुक्त चिकणमातीच्या थरांना किमरिजियन म्हणतात. त्यांत स्वल्पविरामाच्या आकाराच्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. मग जमिनीत कालवे, म्हणून वाइनमध्ये समुद्र, आणि सोबत ताटातही कालवेच! कथा सुंदर आहे. पुरावा मात्र नव्हे.

वेल दगड पीत नाही. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात आणि त्यातले वाइनपर्यंत पोहोचतात ते इतके थोडे की जिभेला त्यांची चव कळू नये. ॲलेक्स मॉल्टमन हे भूशास्त्रज्ञ हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. गारगोट्या एकमेकींवर घासल्यासारखा वास काही वाइनना येतो, तो गंधकयुक्त संयुगांचा. दगडाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच.

तरीही उतारागणिक वाइन बदलते, हे खरे. सातही ‘ग्रां क्रू’ मळे एकाच टेकडीवर, नदीच्या उजव्या तीरावर, जेमतेम १०० हेक्टरांत आहेत. त्या उताराचे तोंड मुख्यतः नैर्ऋत्येला, म्हणजे दुपारचे ऊन भरपूर. वर पठारावर पोर्टलँडियन नावाचा कठीण चुनखडक लागतो. तिथे वारा जास्त, थंडी जास्त, आणि तिथली वाइन बहुतांशी ‘पेती शाब्ली’ या खालच्या पायरीवर. म्हणजे जिथे दगड बदलतो, साधारण तिथेच ऊनही बदलते. नकाशात दगडाची रेघ दिसते, उन्हाची दिसत नाही. म्हणून श्रेय दगडाला. १९७०च्या दशकात शाब्लीची हद्द वाढवण्यावरून विल्यम फेव्र आणि जाँ द्युरुप यांच्यात जो वाद पेटला, तोही किमरिजियनबाहेरच्या जमिनीला हे नाव द्यावे की नाही, यावरूनच. (पोलादी टाकी की जुने ओकचे पिंप, हा तिथला दुसरा वाद; त्यात इथे शिरत नाही.)

माझ्या मते शाब्लीचा कणा थंडी हा आहे. द्राक्ष सावकाश पिकते, रात्री गार असतात, त्यामुळे साखर भरेपर्यंत आम्ल टिकून राहते. नाशिककडे फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या उन्हात तोडणी करणाऱ्याला आम्ल हातातून निसटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण हीच थंडी शाब्लीची वैरीणही आहे. फिलॉक्सेरा किडीने खिळखिळे झालेले हे मळे कडाक्याच्या थंडीच्या तडाख्यांनी १९५०च्या दशकात ५०० हेक्टरांच्या आसपास उरले होते. आज ते ५,००० हेक्टरांहून अधिक आहेत. त्यामागे मळ्यात रात्रभर पेटवलेल्या शेगड्या आहेत आणि तुषार सिंचनही. कोंबांवर फवारलेले पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचाआड कोंब वाचतो.

चव दगडाची असेल, तर ती कायमची सुरक्षित आहे. थंडीची असेल, तर काळजीचे कारण आहे. पूर्वी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात होणारी तोडणी २००३ आणि २०२० साली ऑगस्टमध्येच सुरू झाली. उबदार हिवाळ्याने कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या थंडीत सापडतात; २०१६ आणि २०२१ साली तेच झाले. भरपूर उन्हासाठी नावाजलेल्या ग्रां क्रू उतारावर आता तेच ऊन जास्त होऊ लागले, तर वारा खात पठारावर उभ्या असलेल्या पेती शाब्लीच्या वेलींची पायरी कोणती धरायची?