शिरखुर्म्याच्या पलीकडचा शेजार

मुस्लिम मराठी कथेत दंगल आली की तिच्यामागोमाग एक शेजारी येतो. बहुधा तो हिंदू असतो. रात्री दार वाजते, घाबरलेले कुटुंब त्याच्या माजघरात लपते, जमाव येतो, शेजारी उंबऱ्यावर उभा राहतो आणि सकाळी सारे वाचलेले असतात. हिंदू लेखकाच्या कथेत हीच गोष्ट उलट फिरते. तिथे दार उघडणारा मुसलमान असतो. या कथा खोट्या नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी आठवण जपलेली आहे. १९९२-९३ च्या मुंबईतही अशी दारे उघडली गेली होती.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्या कथेने फारसा विचारलेला नाही. असे शेजारी होते, तर मुंबई का जळाली? न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींतील मृतांचा आकडा ९०० आहे. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. एकेका घराचा चांगुलपणा एवढ्या मोठ्या आगीपुढे कमी का पडला?

या प्रश्नाला थेट भिडणारे एक पुस्तक आहे. आशुतोष वार्ष्णेय यांचे 'एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ : हिंदूज अँड मुस्लिम्स इन इंडिया'. येल विद्यापीठाने ते २००२ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी गुजरात घडले. पुस्तक राज्यशास्त्राचे आहे, तक्ते आणि आकड्यांनी भरलेले आहे. साहित्याच्या वार्षिकात त्याची चर्चा कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. सलोखा म्हणजे काय, याची आपल्या साहित्यातली समजूत या पुस्तकाने तपासून घ्यावी अशी आहे. आणि आपल्या साहित्याच्या अनुभवाने हे पुस्तकही तपासून घ्यावे असे आहे.

लेखकाची पद्धत साधी आहे. दंगल का होते, एवढेच विचारून तो थांबत नाही. तशाच दुसऱ्या शहरात ती का होत नाही, हे तो विचारतो. १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींच्या नोंदी त्याने स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासह एका इंग्रजी दैनिकाच्या मुंबई आवृत्तीतून गोळा केल्या. त्यांतून दिसले की खेड्यांतील मृत्यू शेकडा चारहूनही कमी आहेत. उलट अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता आणि दिल्ली या आठ शहरांत एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू झाले. या शहरांत देशाच्या शहरी लोकसंख्येचा केवळ १८ टक्के भाग राहतो. म्हणजे 'हिंदू-मुसलमान हजार वर्षे भांडतच आले आहेत' हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. भांडण सर्वत्र सारखे असते, तर आगही सर्वत्र सारखी लागली असती.

मग लेखक शहरांच्या तीन जोड्या घेतो : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. अलीगढ-कालिकतची जोडी सर्वांत बोलकी आहे. दोन्ही शहरांत मुसलमानांचे प्रमाण जवळपास सारखे. अलीगढमध्ये वारंवार दंगली, कालिकतमध्ये जवळजवळ नाहीत. पाहणीत कालिकतमधील ८३ टक्के लोकांनी सांगितले की सामाजिक प्रसंगी हिंदू-मुसलमान एकत्र जेवतात. अलीगढमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते.

इथपर्यंत वाचून आपल्याला वाटते, म्हणजे शिरखुर्मा आणि फराळाचीच ही गोष्ट. लेखकाचे खरे म्हणणे यापुढे सुरू होते. तो संबंधांचे दोन प्रकार करतो. एक रोजच्या येण्याजाण्याचे : एकत्र जेवणे, मुलांनी एकत्र खेळणे, सणाला घरी जाणे. दुसरे संस्थांमधले : व्यापाऱ्यांची संघटना, कामगार संघटना, वाचनालय, क्लब, डॉक्टर-वकिलांच्या संघटना, राजकीय पक्ष. खेडे लहान असते, तिथे पहिला प्रकार पुरतो. लाखो वस्तीच्या शहरात तो पुरत नाही, कारण तिथे माणूस माणसाला ओळखत नाही आणि अफवेला चेहरा नसतो. शहराला दुसरा प्रकार लागतो. कालिकतमध्ये दोन्ही समाजांचे व्यापारी आणि हमाल आपापल्या सामाईक संघटनांत आहेत. तणाव आला की ही माणसे अफवा खोडतात आणि प्रशासनाला खरी माहिती देतात. दंगल त्यांच्या रोजगारावर येते, म्हणून ती ते होऊ देत नाहीत. याच्या उलट अहमदाबाद. तिथे मजूर महाजनसारखी गांधींच्या काळातली संघटना होती आणि काँग्रेसचे गल्लीपर्यंत पोचलेले कार्यकर्ते होते. हे सारे झिजत गेले, तसे शहर उघडे पडत गेले. सुरतेत १९९२ साली जुन्या शहराने शांतता राखली. हिंसा झाली ती बाहेरच्या झोपडवस्त्यांत, जिथे असे जुने धागे नव्हते.

आपल्या दृष्टीने पुस्तकातला सर्वांत जवळचा भाग भिवंडीचा आहे. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडीत दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ साली शहर पुन्हा पेटले. मात्र मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू आणि मुसलमान सदस्य बरोबरीने, सोबत त्या भागाचा पोलीस अधिकारी, आणि बैठका नियमित.

यातला 'नियमित' हा शब्द महत्त्वाचा आहे. शांतता समिती आपल्याला नवी नाही. गणपती, मोहरम किंवा ईद आली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. तेच चार मौलाना, तेच चार मंडळांचे अध्यक्ष, तोच चहा आणि बिस्किटे. सगळे 'आपले शहर सलोख्याचे आहे' असे बोलतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो येतो आणि पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला विचारत नाही. मीही अशा बैठकांना बसलो आहे, बिस्किटेही खाल्ली आहेत. भिवंडीच्या समितीत गटाराचे, नळाचे, घरमालक-भाडेकरूचे भांडण मिटवण्यासाठी लोक वर्षभर एकत्र बसत. किरकोळ भांडणे मिटवायची सवय लागली, म्हणून मोठ्या भांडणाच्या दिवशी ती माणसे एकमेकांना अनोळखी नव्हती. वार्ष्णेय यांचे सारे पुस्तक या एका गोष्टीत सामावते : सलोखा हे काम आहे आणि ते शांततेच्या काळात करून ठेवावे लागते.

हे मान्य करूनही पुस्तकाशी माझे तीन वाद आहेत.

पहिला खेड्याविषयी. खेड्यात रोजचे संबंध पुरतात, हे आकड्यांवरून ठीक दिसते. पण आपल्याकडे हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालीच आली होती. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे तीव्र मतभेद आहेत. ते बाजूला ठेवून कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक पाहतो की एकमेकांत गुंतलेली घरे, पिढ्यांचा शेजार, जमिनीचे जुने संबंध हे सारे असूनही गाव हिंसेकडे सरकत आहे. जुना शेजार तिथे होता, पण तो वरच्या-खालच्या नात्यावर उभा होता. खालच्याने मान वर केली तेव्हा तो शेजार तुटला. कादंबरीकाराला जे दिसले ते तक्त्यात दिसले नाही. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये मुजफ्फरनगर आणि शामलीच्या खेड्यांत साठाहून अधिक माणसे मारली गेली आणि हजारो मुस्लिम कुटुंबे गाव सोडून छावण्यांत गेली. तिथे तर नुसता शेजारच नव्हता, संघटनाही होती. महेंद्रसिंह टिकैत यांच्या किसान युनियनमध्ये जाट आणि मुसलमान शेतकरी वर्षानुवर्षे एकत्र होते आणि गुलाम मोहम्मद जौला हे टिकैत यांचे जवळचे सहकारी होते. तीही फुटली. जौला बाहेर पडले. जानेवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी ते मुजफ्फरनगरच्या महापंचायतीत पुन्हा मंचावर आले, तेव्हा आधी त्यांनी २०१३ ची चूक लोकांपुढे मांडली. संघटना तुटू शकते आणि पुन्हा सांधूही शकते. पण सांधताना आधी चूक कबूल करावी लागते, हा धडा पुस्तकात नाही.

दुसरा वाद शासनाविषयी. पॉल ब्रास यांनी २००३ सालच्या आपल्या पुस्तकात अलीगढचाच अभ्यास करून दाखवले की दंगल आपोआप होत नाही. ती घडवणारी माणसे ठरलेली असतात आणि त्यांची कामे वाटलेली असतात. वार्ष्णेय यांचे एकेकाळचे सहकारी विल्किन्सन यांनी २००४ मध्ये मांडले की राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते तेव्हा पोलीस दंगल थांबवतात. या दोघांचे ऐकले की वाचनालये आणि व्यापारी संघटना दुबळ्या वाटू लागतात. भिवंडीचेच पाहा. समित्या पोलिसांनी उभ्या केल्या होत्या. जुलै २००६ मध्ये त्याच शहरात कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. तुटला होता तो मुसलमान आणि पोलीस यांच्यातला धागा. एका अधिकाऱ्याने बांधलेली गोष्ट त्याच्या बदलीनंतर टिकवायची, तर तिची मालकी मोहल्ल्याकडे असावी लागते.

तिसरा वाद बरोबरीविषयी. लखनौचे उदाहरण देताना लेखक चिकनच्या धंद्याकडे बोट दाखवतो. व्यापारी हिंदू, भरतकाम करणारे मुसलमान, दोघांची एकमेकांना गरज, म्हणून शांतता. खरे आहे. पण या कारागिरांत मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत. घरात बसून, डोळे ताणून, तुटपुंज्या मजुरीवर त्या टाके घालतात. त्यांच्या गरजेवर उभी असलेली शांतता आपल्याला नको असे मी म्हणणार नाही. दंगलीपेक्षा ती हजार पटींनी बरी. पण तिला सहजीवन म्हणताना जीभ अडखळते. ज्याला रोजगार गमावण्याची भीती आहे तो गप्प बसतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते गप्प बसणे सलोख्यासारखे दिसते.

हे तीन वाद पुस्तक नाकारण्यासाठी मांडलेले नाहीत. वार्ष्णेय यांनी हात घातला तो प्रश्नच मुळात नवा होता. त्यांचे उत्तर अर्धे असले तरी उरलेले अर्धे आपण भरू शकतो, आणि इथे आपल्या साहित्याचा संबंध येतो.

आपली दंगलकथा अजून माजघरात अडकलेली आहे. तिच्यात वाचवणारा आहे, वाचलेला आहे, दोघांचे अश्रू आहेत. वाचलेला माणूस त्या कथेत कायम उपकाराखाली राहतो. तो कुठल्या बैठकीत बसत नाही, वाद घालत नाही, मत देत नाही. यंत्रमागाच्या खात्यात शेजारी-शेजारी माग चालवणाऱ्या दोघांनी मजुरीवाढीसाठी एकत्र केलेला संप आपल्या कथेत क्वचित येतो. हिशेबावरून भांडणारी पतपेढीची संचालक मंडळी, शाळेच्या पालकसभेत बुरखा आणि नऊवारी शेजारी बसून मास्तरांना जाब विचारणे, हे येत नाही. सलोखा जिथे खरोखर घडतो ती जागा आपण रटाळ म्हणून सोडून दिली. बैठकीत नाट्य नसते असे आपण धरून चाललो. ज्याने पतपेढीची एक वार्षिक सभा पाहिली आहे, त्याने असे म्हणू नये.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा काहींनी विचारले होते, वेगळी चूल कशाला? वार्ष्णेय यांच्या पुस्तकाचे माप लावले तर हा प्रश्न आजही गंभीर आहे. एका समाजाची संस्था त्या समाजाला बळ देते, पण समाजासमाजात पूल तिने आपोआप बांधला जात नाही. माझे उत्तर असे की आपली चूल वेगळी असली तरी भाषा सामाईक आहे. मराठी ही आपली आणि त्यांची अशी दोघांची संस्था आहे, आणि तिचे आपण पाहुणे नाही, सभासद आहोत. सभासदाला वर्गणी भरावी लागते आणि सभेत उठून प्रश्नही विचारावे लागतात. इतकी वर्षे आपण वर्गणी इमानाने भरली. प्रश्न विचारणारी कथा मात्र अजून लिहायची आहे.