‘जाळपोळ झाली’ म्हणजे काय?

मराठा आरक्षणाच्या आंदोलनकाळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, बीड जिल्ह्यात घरे पेटविण्यात आली. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे निवासस्थान व नगर परिषदेची इमारत, तर बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे कार्यालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्यानंतर संचारबंदी लागू झाली. अशा कृत्यास इंग्रजीत ‘आर्सन’ म्हणतात, मराठीत ‘जाळपोळ’. हे शब्द समानार्थी समजले जातात. आमच्या मते ते तसे नाहीत, आणि त्यांतील अंतर केवळ कोशकारांचा विषय नाही.

‘आर्सन’चे मूळ लॅटिन ‘आर्देरे’, म्हणजे जळणे. लॅटिन बायबलात मोशेला दिसलेले झुडूप याच क्रियापदाने जळते, तरी भस्म होत नाही. एम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांचे अंतःकरणही याच क्रियापदाने जळते. तेव्हा मूळ धातू निर्दोष आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजी कायद्यात येताना त्यास अपराधाचा अर्थ चिकटला : दुसऱ्याचे राहते घर दुष्ट बुद्धीने जाळणे. पुढे व्याप्ती वाढली. परंतु अपघाताने लागलेली आग ‘आर्सन’ नव्हे, हे कायम राहिले. या शब्दाच्या पोटात एक कर्ता आहे आणि त्याची बुद्धी आहे.

‘जाळपोळ’ या जोडशब्दातही एक जाळणारा व एक पोळणारा आहे. पण आपण वापर असा करतो की दोघेही दिसेनासे होतात. पाऊस झाला, तशी ‘जाळपोळ झाली’. तिच्या जोडीला ‘आंदोलनास हिंसक वळण लागले’ हे ठरीव वाक्य येते; जणू रस्ता आपणहून वळला! ‘आगलाव्या’ हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे. पण तो बोलण्याने भांडणे पेटविणाऱ्यास लागला. प्रत्यक्ष घर पेटविणाऱ्यास रुळलेले नाव उरले नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘आर्सन’ हा शब्द घेतला नाही. तिने आगीने केलेली ‘आगळीक’ असा गुन्हा मानला. घर नष्ट करण्याच्या उद्देशाने केलेल्या अशा आगळिकीस कलम ४३६ अन्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्येही ती आहे. उद्देश वा जाणीव सिद्ध झाल्याखेरीज आगळीक ठरत नाही. म्हणजे वर्तमानपत्राने गाळलेला कर्ता न्यायालयास शोधावाच लागतो.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कर्ता गाळल्याने केवळ अपराधी लपतो असे नाही; निरपराधावरही डाग पडतो. ‘आंदोलकांनी जाळपोळ केली’ असे सरसकट लिहिले की शांतपणे उपोषणास बसलेला शेतकरी आणि पेट्रोलची बाटली फेकणारा एकाच शब्दात कोंबले जातात. मागणी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. नेमका शब्द जळलेल्या घरास न्याय देतो, तसाच न जाळणाऱ्यासही.

म्हणून आमचे मागणे एवढेच : ‘जाळपोळ’ हा शब्द टाकू नये, त्यास कर्ता द्यावा. नाव ठाऊक नसेल, तर ‘अज्ञात व्यक्तींनी घर पेटविले’ असे लिहावे. हे वाक्य अपुरे आहे. पण घर कोणीतरी पेटविले, एवढे तरी ते लपवीत नाही.